सगळ्यांच्या आया मझौलीला

बाजारातल्या बड्या फुहाऱ्यापाशी एकाचं कुत्र्याच्या पिल्लांचं दुकान आहे. बाराही महिने त्याच्याकडची पिल्लं दोन महिन्यांचीच असतात. जातीचे कागद विचारले की पिल्लाचा कान खाजवत तो म्हणतो, "येऊन राहिले ना, भैया." आई कुठे आहे विचारलं, तर मझौलीला. लॅब्राडोर असो की पग, आई मझौलीलाच. एवढ्या खानदानी आया एका तालुक्यात कशा मावतात, त्यालाच ठाऊक.

मुलीच्या हट्टापायी मीही एक पिल्लू मांडीवर घेतलं. ते खोकत होतं. म्हटलं, "रविवारी मझौलीला जाऊ, याची आई पाहू. सोयरीक करतानाही आपण घर पाहतोच."

त्याने पिल्लू काढून घेतलं आणि रांझीच्या एका बाईंचा पत्ता लिहून दिला. "इथे जा. त्या आई दाखवतात. माझ्या घरचा कुत्रा तिथलाच आहे."

"मग मला हे काहून विकून राहिले होते?"

"तुम्ही मागून राहिले होते."

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. त्याने तेच पिल्लू त्यांच्या हाती दिलं आणि त्याचा कान खाजवू लागला.