सोनकांबळेकाकांचं कुलूप

लहान मुलांचं कुठलंही पुस्तक कपाटात लावण्याआधी सोनकांबळेकाका ते स्वतः वाचत, तेही उभ्यानं. "बसून वाचलं की डुलकी लागते, अन् नाव पुस्तकाचं खराब होतं," म्हणत. लातूरकडच्या मुरुडमधल्या एका वाचनालयाचे ते ग्रंथपाल.

आमची ओवी आठ वर्षांची होती. एका दुपारी तिनं त्यांना विचारलं, "काका, आई अन् माय, दोघी असलेल्या पोरीची गोष्ट हाय का?" आई म्हणजे मी. माय म्हणजे शैला, दवाखान्यात नर्स. ओवीला आम्ही दोघींनी वाढवलंय. मी दारात चपला काढत होते; एक पाय चपलेतच राहिला.

काकांनी चष्मा पुसला. "बघावं लागंल."

तीन आठवडे कपाटं धुंडाळून त्यांनी ओवीला सांगितलं, "एका राजाला दोन राण्या हायत. पण दोघी एकमेकींचं तोंड बघत न्हाईत. आपल्या कामाचं न्हाई." शेवटी पुण्याहून चित्रांचं एक पुस्तक मागवलं. दोन आया आणि त्यांची मुलगी आजोळी जातात, एवढीच गोष्ट. काकांनी ती उभ्यानं वाचली. "बरं हाय. पण दोन-दोन आया असून पोरीला कुणी जेवायला घालंना. भाकर पाहिजे होती."

ओवीनं ते आठ वेळा घरी नेलं. मग ते एका संचालकांच्या नजरेस पडलं. बैठक झाली आणि पुस्तक कुलूपबंद ठेवायचा ठराव झाला.

मी घाबरले. शैलाची नोकरी, घरमालक, ओवीची शाळा, सगळं डोळ्यांपुढं आलं. काकांना म्हणाले, "परत पाठवा ते. आमच्यापायी तुम्हाला कशाला त्रास?"

"तुमच्यासाठी कुठं आणलंय, बाई? सभासद पोरगी हाय. तिनं मागितलं."

त्यांनी माझ्यासमोरच पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कुलपातच राहू दिली. "ठराव कुलपाचा झालाय. किल्लीचं कुणी काय बोललं न्हाई."

दुसऱ्या दिवशी संचालक आले. "हे काय?"

"कुलूप."

"अन् ही किल्ली?"

"त्याचीच हाय."

संचालक पेपर मागून वाचत बसले. पुस्तक मुलं नेत राहिली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत कळ आली आणि लातूरला पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यांच्या घरी बुद्धवंदना होती, आम्ही तिघी गेलो. शेजारच्या म्हातारीनं ओवीकडं बोट करून विचारलं, "ह्या पोरीच्या तुम्ही कोन?"

असं कुणी विचारलं की मी शैलाला माझी बहीण म्हणते. तेच तोंडात आलं होतं. त्याआधी ओवी म्हणाली, "दोघी माझ्या आया हायत."

शैलानं माझा हात घट्ट धरला.

"दोघी?"

"हाव."

म्हातारीनं आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग मधी घ्या की लेकराला. भिंतीला बसवलंय, गार लागंल."