बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं

आमच्या बाबांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. चुकीचं काही कानावर पडलं की त्यांना ठसका लागायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्या ‘सलाद’ म्हणाला, की बाबा त्याचं भांडं धरून त्या शब्दाचं मूळ मिठात कसं आहे ते समजावत. तोवर ती पंगत उठून नंदनवन वस्तीत आपापल्या घरी पोचलेली असे. मी थापाड्या, ते दुरुस्तीवाले. एवढंच आमचं बोलणं.

गेल्या उन्हाळ्यात ते आजारातून उठले, ते अन्नावरची वासना घालवूनच. ओठ असे मिटायचे की पहार लावली तरी उघडू नयेत. डॉक्टर म्हणाले, तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. नळीची बाबांना भयंकर भीती. तरी ओठ मिटलेलेच.

आई चहात भिजवलेलं बिस्किट घेऊन बसली होती. मी सहज एक थाप फेकली, “बाबा, बिस्किट हे विलायतेच्या राणीच्या कुत्रीचं नाव. कुत्री मेली, तेव्हा राणीनं...”

“गधा आहेस!” बाबा ओरडले.

तोंड उघडलं तसं आईनं बिस्किट आत सारलं. ते गिळून त्यांनी मला झापलं. “दोनदा भाजलेला पाव! फ्रेंच शब्द आहे. जहाजावर टिकावा म्हणून त्यातली ओल काढून टाकत.”

मग रोज तोच धंदा. कुत्री हत्तीएवढी झाली, तिनं कामठीची छावणी तोफांसकट खाल्ली. आई हळूच म्हणायची, “अजून मोठी फेक ना गा. कालच्यानं अर्धंच गेलं.”

मी फेकत होतो, आणि बाबा वाळत होते. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं.

एका दुपारी कुत्रीनं अख्खा अंबाझरी तलाव पिऊन टाकला. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“असेल,” म्हणाले.

“असेल काय, बाबा? दोनदा भाजलेला पाव तो! जहाजावरचा! फ्रेंच!” खरं बोलताना माझा घसा फाटला.

नव्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी ऐकून घेतलं. “अस्सं?”

तोंड उघडलं होतं. आईनं बिस्किट पुढे केलंच नाही. कपबशी खाली ठेवून ती म्हणाली, “मले काय पाहून राहिला? डॉक्टरले फोन लाव.”