मिस्त्रींचं विमान

मिस्त्रींचा हात फिरला की भिंतीचं सोनं होतं, असं त्यांच्याकडून घर रंगवून घेतलेली माणसं अजून सांगतात. रंगाऱ्याचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि तेही उंचावरचं. उंच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला दोरांवर झुला सोडायचा आणि त्यावर उभं राहून वरून खाली रंग देत यायचं. घरात मात्र माणूस अगदी जमिनीवरचा. बोलणं कमी, हट्ट नाहीत, आणि "बघतो" हा एक शब्द त्यांना सगळीकडे पुरायचा. नको असलेल्या गोष्टीला ते तोंडावर "नाही" म्हणत. "बघतो" म्हणाले, की काम झालंच म्हणून समजावं. त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्या इमारतीच्या मिस्त्रीणबाईंना, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

म्हणून कंत्राटदार दारात उभा राहून, "मिस्त्री, नवीन टॉवर घेतलाय. बाहेरचं काम. झुल्यावर तुमच्यासारखा हात कुठून आणू?" असं म्हणाला आणि मिस्त्रींनी "बघतो" म्हटलं, तेव्हा स्वयंपाकघरात मिस्त्रीणबाईंचं लाटणं जागच्या जागी थांबलं.

कारण मिस्त्री नुकतेच पडून उठले होते. झुला खाली उतरवताना एका बाजूला कलला आणि ते पहिल्या मजल्याच्या उंचीवरून वाळूच्या ढिगावर आले. वाळू होती म्हणून खांदा आणि बरगड्यांवर निभावलं. डोक्यालाही मार बसला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता झुला नाही आणि शिडीही नाही." मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डॉक्टर तरी दुसरं काय सांगणार."

खांदा बरा होत आला तसे मिस्त्री घरात येरझाऱ्या घालू लागले. बसायचं कुठे आणि करायचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मिस्त्रीणबाई सकाळी आंघोळ करून देवापुढे बसत तेव्हाही त्यांच्या पाठीमागे चपलांचा चट चट आवाज चाललेला. त्या डोळे मिटून म्हणत, "देवा, याला कशात तरी गुंतव रे. कशातही." आणि लगेच जीभ चावत, कारण कशातही म्हटलं तर कंत्राटदाराचा टॉवरही त्यात आलाच.

शेवटी त्यांनी जावयाला फोन लावला. जावई दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि घरी विमानं, रणगाडे, जहाजं यांच्या छोट्या प्रतिकृती जोडून रंगवायचे. लेकीची नेहमीची तक्रार असे, "आई, आमच्या कपाटात साड्यांना जागा नाही, खोक्यांना आहे." तर त्या खोक्यांतलं एक घेऊन जावई रविवारी आले. झाकणावर दोन जोड पंखांचं जुन्या काळचं विमान.

"जावईबापू, बोट नव्हती का तुमच्याकडे?" मिस्त्रीणबाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या. "मी यांना खाली ठेवायला बघतेय आणि तुम्ही विमान आणलंत."

"बोटींना दोर फार असतात, आई. पहिल्या खेपेला विमानच सोपं."

मिस्त्रींनी खोकं उघडून बघितलं. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले राखाडी तुकडे आणि प्रत्येकाजवळ नंबर. "हे पोरांचं खेळणं आहे," ते म्हणाले आणि खोकं बंद केलं.  बारीक चिमटा, कटर, डिंकाची बाटली आणि रंगाच्या इवल्याशा डब्या टेबलावर ठेवून जावई जेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीणबाई भांडी आवरून बाहेर आल्या तर चपलांचा आवाज नाही. मिस्त्री टेबलाशी बसलेले, नाकावर चष्मा, आणि एक रंगाची डबी उजेडात धरून हलवताहेत.

"एवढ्याशा डबीत काय होतं गं? आमचा नुसता ब्रश एवढा रंग पितो."

"मग परत करायचं का?"

"बघतो," मिस्त्री म्हणाले, आणि हा शब्द ऐकून मिस्त्रीणबाईंना त्या महिन्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

तुकडे त्यांनी कटरने न कापता बोटांनी पिरगाळून काढले, त्यात चाकाची एक काडी मोडली. कागदावर लिहिलेला क्रम वाचण्यात त्यांना कमीपणा वाटला, म्हणून आधी पंख चिकटवले आणि मग वैमानिकाला आत बसवायला वाट राहिली नाही. पंख पुन्हा सोडवावे लागले. पण जावयाला फोन केला नाही. "काय विचारायचंय त्यात," म्हणायचे आणि पुन्हा खाली मान घालायचे.

एका दुपारी त्यांनी जोडलेलं धड मिस्त्रीणबाईंना दाखवलं. "बघ, जावयाने कसला माल आणलाय. अंगभर चिरा."

खरंच, त्या राखाडी धडावर केसासारख्या बारीक रेघा होत्या, उभ्या आणि आडव्या.

"असेल जुना," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"जुना असू दे. मी कशाला आहे?"

मग कपाटावरचा कामाचा डबा खाली आला. कपाट बुटकं होतं, हात पोचत होता. त्यातली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, मिस्त्रींनी बोटाने मळली आणि विमानाच्या एकेका रेघेत भरली. सुकू दिली, पाणी लावून पॉलिश कागदाने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. चीर दिसली की ती बुजवायची, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. दोन दिवसांनी ते विमान उकडून सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत झालं. मिस्त्री त्यावरून अंगठा फिरवून स्वतःशीच मान हलवत होते.

रविवारी जावई आले. विमान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बाबा, त्या चिरा नव्हत्या हो. पत्र्याला पत्रा जोडलेला दिसावा म्हणून मुद्दाम कोरलेल्या रेघा होत्या."

मिस्त्रींनी विमान त्यांच्या हातून काढून घेतलं. "मग आधी सांगायचं नाही?"

"आजवर कुणी इतक्या मनापासून बुजवल्या नव्हत्या, म्हणून सांगायचं सुचलं नाही."

मिस्त्रीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं. पडल्यापासून ते हसले नव्हते. बरगड्या अजून दुखत होत्या, म्हणून एका हाताने कूस धरून ते हसले, आणि मिस्त्रीणबाईंना ते बघताना रडू आलं.

त्या रेघा मिस्त्रींनी पुन्हा कोरल्या. बायकोची शिवणाची सुई लाकडात खोचून, शेजारी चिकटपट्टी लावून, एकेक रेघ श्वास रोखून. मग पातळ रंगाचे हात, एक वाळल्यावर दुसरा. इथे जावई तोंड उघडायला गेले तर मिस्त्री म्हणाले, "रंग पातळ करायला आता तुम्ही मला शिकवणार?" जावयांनी तो विषय सोडून दिला.

दिवस असे जात होते आणि मिस्त्रीणबाईंच्या मनात मात्र टॉवर तसाच उभा होता. टेबलाशी बसलेल्या माणसाकडे बघून वाटे, सुटलो. रात्री वाटे, सुटलो कसले? विमान संपलं की हा उठेल आणि झुल्यावर चढेल. कंत्राटदार पक्कं उत्तर घ्यायला येणार होता तो दिवस आणि विमान पुरं व्हायचा दिवस जवळजवळ येत चालले होते. एकदा तर त्यांच्या मनात आलं की चाकांची जोडी ओट्याखाली लपवावी. देवाला हे आवडणार नाही म्हणून लपवली नाही.

विमान झालं. पिवळे पंख, तपकिरी धड, आत टोपीवाला वैमानिक. मिस्त्रींनी त्याला दोरा बांधला. "हे वर टांगायचं," ते म्हणाले आणि छताच्या हुकाखाली स्टूल ओढलं. मिस्त्रीणबाई धावत आल्या, पण तोवर त्यांचा एक पाय स्टुलावर होता. दुसराही गेला. मग त्यांनी हुकाकडे मान वर केली, आणि तसेच खाली उतरले. उतरले म्हणजे जवळजवळ घसरलेच. टेबल धरून उभे राहिले. तोंड पांढरंफटक.

"अहो, काय होतंय?"

मिस्त्रींनी डोळे मिटून टेबलाची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "वर बघितलं की गरगरतं."

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. वाटलं, जाईल. म्हणून वर बघतच नव्हतो."

मिस्त्रीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. दुसऱ्याच क्षणी त्यांना लाज वाटली. नवऱ्याला चक्कर येते म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानणारी बाई त्यांनी स्वतःखेरीज पाहिली नव्हती.

"मग त्या टॉवरचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मिस्त्री पाण्याचा पेला बघत राहिले. ना "बघतो", ना "नाही". तो दिवस तसाच गेला.

सकाळी कंत्राटदार आला. उंच माणूस, दारातून वाकूनच आत यायचा. त्याने विमान पाहिलं, हातात घेतलं. "हे तुम्ही केलंत? रेघ न् रेघ वेगळी दिसतेय."

"टांग जरा वर," मिस्त्री म्हणाले. "स्टूल मी धरतो."

कंत्राटदार चढला. दोन्ही हात वर, दोरा हुकाला गुंडाळताना त्याने विचारलं, "मग मिस्त्री, सोमवारपासून येताय ना?"

मिस्त्रीणबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मिस्त्रींनी स्टूल घट्ट धरलं होतं आणि मान खालीच होती.

"नाही. मला वर चक्कर येते. झुल्यावर उभा राहिलो तर मी जाईन आणि शेजारच्यालाही नेईन."

"मला स्टुलावर चढवून हे सांगताय होय," कंत्राटदार म्हणाला. तो खाली उतरला, मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि मग त्याचा आवाज बदलला. "आधी बोलायचं. दारं, खिडक्या, कपाटं, पॉलिश, सगळं खालचं पडलंय. त्याला धीराचा माणूस मिळत नाही. ते कराल?"

"ते करीन."

मिस्त्रींनी आत जाऊन झुल्यावरचा कमरेचा पट्टा आणि शिरस्त्राण आणलं आणि कंत्राटदाराच्या हातात दिलं. "नव्या माणसाला दे. बकल नीट बसतंय का ते रोज बघ म्हणावं."

कंत्राटदार ते काखेत मारून गेला. मिस्त्रीणबाईंनी दार लावलं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "जरा पाठ टेकते." आणि इतक्या गाढ झोपल्या, की भांडी मिस्त्रींनी घासली, चहा त्यांनीच टाकला आणि तो निवत आला तरी हाक मारली नाही.