होडीच्या चाकांतली हवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं. लोक येतात, त्यांच्या होडीच्या गोष्टी काढतात, आम्ही सगळे हसतो. मीही हसते. मग माझा हात आपोआप केसांतल्या पिनेकडे जातो — का जातो, तेच सांगायचं आहे.

निवृत्तीनंतर यांनी एक छोटी फायबरची होडी घेतली. नदी ना तळं, अशा आमच्या सिंदी मेघेत होडी! शेजाऱ्यांनी विचारलं, नळाले पूर येणार हाय काय? ती ओढून न्यायला वेल्डरकडून दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. रविवारी तो जीपमागे बांधायचा आणि पवनारच्या पुढे धाम नदीच्या काठी जायचं. मासा एकही मिळाला नाही. यांना तो नकोच होता बहुधा.

यांचं बालपण रोहण्याला, कापसाच्या ट्रॉल्यांवर गेलेलं. ट्रॉली शिगोशीग भरायची तर टायर दगडासारखे कडक हवेत, हे वडिलांनी शिकवलेलं. ट्रेलरचे टायरही यांनी तसेच भरले, पण होडी म्हणजे कापूस का? पहिल्याच रविवारी ती बेडकासारखी उड्या मारत गेली. आत ठेवलेला पोह्यांचा डबा उघडला, थर्मास लोळला, पोहे चहात पोहले.

मी शाळेत ग्रंथपाल होते. कळलं नाही की वाचायचं, ही खोड. वाचलं. टायरच्या कडेला कोरलेला आकडा पूर्ण ओझ्यासाठी असतो. त्याच्या वर जाऊ नका, एवढंच तो सांगतो. ओझं हलकं तर हवाही कमी, नाहीतर चाक रस्त्यावर टेकत नाही, नाचतं. फारच कमी केली तर टायर तापतो. हे मी यांना सांगितलं.

“पुस्तकं वाचून टायर भरतात काय वं?” हे म्हणाले.

मी वाद घातला नाही. हे दर शनिवारी संध्याकाळी टायर कडक भरून घेत. पुढच्या रविवारी हे आंघोळीला गेले, आणि मी पिनेने दोन्ही चाकांची थोडी हवा सोडली. थर्मास कमी लोळला. त्यापुढच्या रविवारी आणखी थोडी सोडली. असं करत करत एकदा थर्मास उभाच्या उभा राहिला. तेवढी हवा मी अंगठ्याने दाबून ओळखून ठेवली. हे खूश. “पाह्य, कडक टायरचा प्रताप. लोण्यावरून चालून राह्यली.”

नवऱ्याचा मान राखला, असं म्हणाल? मलाही तसं समजायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला मजा येत होती. न भांडता जिंकण्याची मजा — तुम्ही कधी चाखली आहे?

मग एकदा यांनी वाटेत पेट्रोल पंपावर हवा मोजली. कमी निघाली. जीप तशीच वळवली, थेट वामनभाऊंच्या पंक्चरच्या दुकानाकडे. वामनभाऊ यांचे लहानपणापासूनचे मित्र. चाकांचे व्हॉल्व्ह त्यांनीच नवे बसवले होते, हवाही आदल्या संध्याकाळी त्यांनीच भरली होती.

“काऊन रे वामन, वाल्व बसवला का चाळणी?”

“मी बसवलेला वाल्व गळत नाई.”

“मंग हवा काय धाममंधी पोहाले गेलती?”

“तुह्या डोक्यातली निघाली असन. टायरातली नाई.”

गिऱ्हाईकं हसली. इथवर सगळं नेहमीसारखंच होतं. पण हसं यांचं झालं होतं, आणि हे चढ्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाले, “तुह्या हातात आता काई रायलं नाई, वामन.”

हातातला पाना वामनभाऊंनी पुसला, खूप वेळ पुसला. मी जीपमध्ये बसले होते. पिन केसांत होती. एक वाक्य बोलायचं होतं — एकच. मी रस्त्याकडे पाहत राहिले.

दोघं पुन्हा बोलले नाहीत. यांनी पायाने मारायचा पंप आणला. आणि मी? मी रविवारी सकाळी हवा सोडतच राहिले.

यांच्या तेरवीनंतर वामनभाऊ एकटे आले. अंगणात ट्रेलर उभा होता, चाकांना तेच व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी मागून घेतलं, व्हॉल्व्हवर लावलं, उकिडवे बसून पाहत राहिले. मीही वाकून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

“आज तं नाई गळून राह्यला,” ते म्हणाले. “तवा गळत असन, वहिनी. तवापासून मी वाल्व बसवतच नाई. दुसऱ्याले सांगतो.”

व्हॉल्व्ह तेव्हाही गळत नव्हता. हवा मी काढत होते.

मी त्यांना विचारलं, चहात साखर चालते ना?