काशिरामकाकांची गाठ

रोडपालीच्या आमच्या इमारतीत काशिरामकाकांनी बांधलेली दोरी आजवर सुटलेली नाही. कपड्यांच्या दोऱ्या, गच्चीवरचा पाइप, माझ्या स्कूटरचं सैल मडगार्ड, सगळीकडे त्यांच्याच गाठी. सोडवायची वेळ आली की काकांनाच बोलवावं लागतं, आणि मला विचाराल तर त्यांना तेच हवं असतं.

उरणला होडीवर त्यांची तीस वर्षं गेली. होडी विकून मुलाकडे, शैलेशकडे, राहायला आले तेव्हा सोबत आणलं ते स्वतः विणलेलं शेवटचं जाळं. कबुतरांचा त्रास वाढला तसं सगळ्यांनी बाजारातून जाळ्या आणल्या. काकांनी नाक मुरडलं आणि खिडकीबाहेरच्या एसीच्या युनिटवर आपलं जाळं ताणून बसवलं. होडीवरच्या सवयीने प्रत्येक गाठीला दोरीचं हातभर शेपूट सोडलं, अंधारात चटकन हाताला लागावं म्हणून. आठव्या मजल्यावर भर दुपारी कसला अंधार, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

मे महिन्यात, सून कोमल तान्ह्या लेकीला घेऊन दवाखान्यातून यायची होती, नेमका त्याच दिवशी एसी गरम हवा फेकू लागला. बाहेरचा पंखा नुसता गुरगुरायचा, फिरायचा नाही. "पोरीची खोली थंडगार करून ठेवतो," असा शब्द काकांनी शैलेशला दिला होता. त्यांनी फिल्टर धुतला, रिमोटचे सेल बदलले, मेन स्विच बंद करून, युनिटच्या बाजूचं झाकण काढून पंखा सुरू करणारा कपॅसिटरसुद्धा नवा बसवला. पंखा गुरगुरतच राहिला.

"काका, जाळं तर अडकलं नसेल?" मी विचारलं.

"माजी गाठ हाय ती. सुटायची नाय."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला चहा टाकायला पिटाळलं.

शेवटी मैनाकाकूंनी नवऱ्याला न विचारता परेश मेकॅनिकला बोलावलं. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं आणि हसू दाबलं. गाठ खरंच सुटली नव्हती. तिचं शेपूट पंख्याने आत ओढलं होतं, मागोमाग जाळ्याचा अर्धा भाग गेला होता, आणि गाठ इतकी पक्की की पंख्यानेच हात टेकले होते. तसं मी हसत बोलूनही दाखवलं.

"कापावं लागेल," परेश म्हणाला.

"कापायचं नाय. आमी सोडवतो."

काका खिडकीत बसले. दोन तासांचं काम होतं. एक गाठ सुटली, दुसरी सुटली, तोच शैलेशचा फोन आला. ते निघाले होते, वीस मिनिटांत पोचणार होते.

काकांचे हात थांबले. मैनाकाकू त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. ते जाळं विणलं जात होतं तेव्हा त्याच शेजारी बसायच्या. मघाशी केलेल्या थट्टेची मला लाज वाटली. काकांनी परेशच्या हातातला कटर घेतला.

"माजं जाळं हाय. मीच कापनार."

कोमल आली तेव्हा खोली थंड होती. काकांनी जाळ्याचे तुकडे पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली, या वेळी शेपूट न ठेवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटवर दोन कबुतरं बसली होती. काका नातीला घेऊन खिडकीशी उभे होते.

"बाजारातून जाळी आणून देऊ का?" मी विचारलं.

"राऊ दे. पोरगी बघतेय."

चार दिवसांच्या पोरीचे डोळे घट्ट मिटलेले होते. मी चहा टाकायला गेलो.