नदीतला गाळ काढायचा, पण ठेवायचा कुठे?

आज गुरुवार, सकाळी साडेआठला मी मेथीच्या कुंडीला पाणी घालत होतो. तेवढ्यात मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, ट्रॅक्टर घेऊन निघाले.

मित्रांनो, आमच्या नदीतला गाळ आजपासून निघणार होता. वरच्या बाजूचा कापड रंगवण्याचा कारखाना बंद पडला, पण त्याचं सांडपाणी कितीतरी वर्षं याच नदीच्या गाळात मुरलं. गाळ काढा, असा अर्ज ग्रामपंचायतीला मीच लिहून दिला होता. आमच्याकडे तलावाचा गाळ खत म्हणून वावरात टाकतात. हाही तसाच जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मोठ्या बाबांना पालकाच्या वाफ्यांसाठी चार ट्रॉल्या हव्या होत्या.

"नका टाकू, विषारी असेल," मी म्हणालो.

"नववी शिकला अन् मले शेती शिकवून राहिला! तुह्या कुंडीत याच गाळात मेथी कशी हिरवीगार आली, पाह्य ना!"

खरं होतं. या गाळात मेथीसुद्धा उगवत नाही, हे अर्जासोबत पंचायतीला दाखवायलाच मी ती पेरली होती.

"मग खाऊन दाखवा."

त्यांनी हसत एक काडी खुडली, तोंडाजवळ नेली आणि थांबले.

"आपण खात नाई, ते बाजारात लोकायले कसं द्याचं?" म्हणाले, आणि ट्रॅक्टर परत लावला.

गाळ काढायला आलेला जेसीबी अजून नदीकाठी उभा आहे. गाळ राहू दिला, तर पुरासोबत वावरात येईल. काढला, तर ठेवायचा कुठे?

शेळीने खाऊ नये म्हणून कुंडी मी छतावर नेऊन ठेवली. गाळासाठी अशी जागा कोणाला माहीत असेल, तर सांगा.