मुद्दाम झिजवलेली अक्षरं

मी कल्याणचा जुना पेंटर. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम बंदच पडलंय. मागच्या महिन्यात माजिवड्याला एका नव्या हॉटेलाची भिंत रंगवायला गेलेलो. दारावरच्या लाकडी पाटीवर जाड, टोकांना टाचा असलेली इंग्रजी अक्षरं होती. कडा तुटलेल्या, रंग उडालेला. मला बघवेना. उरलेल्या रंगात ब्रश बुडवून सगळी नीट भरून टाकली.

मालक धावतच आला. "काका, काय केलंत हे! जुनी दिसावीत म्हणून मुद्दाम तशी करून घेतलेली!"

मग बसलो पॉलिशपेपर घेऊन. संध्याकाळपर्यंत तीच अक्षरं घासली, खांदा भरून आला.

मालक खूश. "आता कशी, एकदम जुनी वाटतात!"

कल्याणात माझ्या हातच्या पाट्या अशाच झिजल्या, तेव्हा लोकांनी त्या भंगारात घातल्या.